उजनीवर नांगरून राहणाऱ्या शिडाच्या बोटीला दिवा कोणता घ्यावा?

आधी निकाल, मग कारणे. अठरा ते पंचवीस फुटी शिडाची बोट उजनीच्या पाण्यात रात्रभर नांगरून ठेवायची असेल, तर पहिली पसंती टांगत्या एलईडी दिव्याला. दीड ते दोन वॉटचा, पिवळसर पांढऱ्या प्रकाशाचा, स्थिर जळणारा, डेकपासून दोन मीटरवर नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला टांगलेला आणि स्वतःच्या वेगळ्या फ्यूजवर चालणारा. डोलकाठीच्या शेंड्यावरचा पक्का दिवा दुसरा. कंदील अडीअडचणीपुरता. बागेतला सौर दिवा आणि मोटारीच्या सामानातला स्वस्त एलईडी बल्ब हे दोन्ही नांगरदिवा म्हणून नापास.

हा क्रम समुद्रावरच्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळा आहे. समुद्रावरचे बहुतेक शिडवाले शेंड्यावरच्या दिव्याला पहिला मान देतात. उजनीवर क्रम उलटतो, कारण इथे रात्री तुमच्या बोटीजवळ येणारा माणूस वेगळा आहे. तो मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, दहा मीटर उंचीवर उभा नसतो. तो पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंचीवर, फायबरच्या होडीत बसलेला असतो, जाळी टाकायला किंवा पहाटे चिलापी-कटल्याची जाळी उचलायला निघालेला. त्याच्या होडीला बहुतेक वेळा दिवा नसतो. हातात बॅटरी असते आणि तीही जाळे शोधायला लागेल तेव्हाच लावली जाते. त्याची नजर पाण्याच्या पातळीला असते. त्याला दिसेल तो दिवा चांगला.

नियम काय म्हणतो ते आधी पाहू, कारण दुकानात बरेच अर्धवट सांगितले जाते. समुद्रावरच्या धडका टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे. ते समुद्राला आणि समुद्राशी जोडलेल्या, सागरी जहाजे जाऊ शकतील अशा पाण्याला लागू होतात. भीमेवरचे हे धरणाचे पाणी त्यात येत नाही. देशातल्या आतल्या पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा वेगळा आहे. पण दिव्याची पारख करायला १९७२ च्या नियमांइतके नेमके माप दुसरे नाही. शिवाय ट्रेलरवर घालून बोट कोकणात नेली की तेच लागू होतात.

त्या नियमांतला ३० वा नियम सांगतो की ५० मीटरपेक्षा लहान बोटीने नांगर टाकल्यावर एकच पांढरा, चहूबाजूंनी दिसणारा दिवा जिथून सर्वांत चांगला दिसेल तिथे लावला तरी चालतो. ‘जिथून सर्वांत चांगला दिसेल’ हे शब्द महत्त्वाचे. शेंड्यावरच लावा असे नियम कुठेच म्हणत नाही. सात मीटरपेक्षा, म्हणजे साधारण तेवीस फुटांपेक्षा लहान बोटीला सूट आहे, पण ती फक्त अरुंद वाटेत, जलमार्गात, नांगरवाड्यात किंवा इतर बोटींचा वावर असतो तिथे नसेल तेव्हाच. उजनीवर जाळी नसलेला आणि होड्यांचा वावर नसलेला कोपरा शोधणे अवघड, म्हणून या सुटीवर विसंबून दिवा टाळू नये. दिवा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जळला पाहिजे. दिवसा त्याच्या जागी नाळेकडे काळा गोळा. छोट्या बोटीला दोन काळ्या चकत्या एकमेकींत खाच पाडून अडकवल्या की काम होते, आणि त्या गादीखाली सपाट मावतात.

दिव्याचे तेज किती हवे? बारा मीटरपेक्षा लहान बोटीचा चहूबाजूंचा दिवा किमान दोन सागरी मैलांवरून, म्हणजे ३.७ किलोमीटरवरून दिसला पाहिजे. नियमांच्या जोडपत्रात त्यासाठी ४.३ कॅन्डेला (एका दिशेने दिसणाऱ्या तेजाचे माप) हा आकडा दिला आहे. एका मैलाला ०.९ आणि तीन मैलांना १२ कॅन्डेला. आपल्याकडे दिवे ल्युमेनमध्ये विकले जातात, म्हणून हिशेब करून ठेवलेला बरा. प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो असे धरले तर ४.३ कॅन्डेलाला साधारण ५४ ल्युमेन लागतात. भिंग प्रकाशाला आडव्या पट्ट्यात गोळा करत असेल तर त्याहून कमी. चांगला एलईडी एका वॉटमध्ये ८० ल्युमेन सहज देतो. म्हणजे दीड वॉटमध्ये सगळा नियम पाळून वर शिल्लक उरते. पाच-सात वॉटचा ‘पॉवरफुल’ दिवा विकायचा आग्रह झाला तर तो घेऊ नका. जास्तीच्या तेजाने तुमचेच डोळे दिपतात, बॅटरी आटते आणि उजनीवरची चिलटे ढगासारखी जमतात.

आता उंचीचा मुद्दा, ज्यावर सगळी निवड फिरते.

नांगरावरच्या विजेच्या दिव्याने आपले पूर्ण तेज आडव्या रेषेच्या पाच अंश वर आणि पाच अंश खाली दिले पाहिजे, आणि साडेसात अंशांपर्यंत किमान साठ टक्के. त्यापलीकडे नियम काही मागत नाही, आणि भिंगवाले दिवे वीज वाचवण्यासाठी नेमके तेवढेच देतात. तुमचा दिवा पाण्यापासून नऊ मीटरवर शेंड्यावर आहे आणि मच्छीमाराचा डोळा एक मीटरवर आहे असे धरा. उंचीतला फरक आठ मीटर. तो साठ मीटरवर आला की दिवा त्याला साडेसात अंशांहून वर दिसू लागतो, म्हणजे तो मुख्य झोताखाली शिरला. तीस मीटरवर कोन पंधरा अंश, पंधरा मीटरवर अठ्ठावीस. पंधरा किलोमीटर वेगाने येणारी इंजिनची होडी साठ मीटर चौदा सेकंदांत कापते. म्हणजे शेवटच्या, सर्वांत धोक्याच्या चौदा सेकंदांत दिवा मंद होत जातो आणि माणसाला मान वर करावी लागते. दूरवरून तोच दिवा तारा वाटतो, जवळून तो दिसत नाही.

तोच दिवा पाण्यापासून अडीच मीटरवर टांगला तर फरक दीड मीटरच उरतो. साडेसात अंशांची हद्द आता साठ मीटरवर नसून साडेअकरा मीटरवर येते. होडी जवळजवळ बोटीला भिडेपर्यंत प्रकाश सरळ डोळ्यांत असतो, आणि त्या प्रकाशात तुमच्या बोटीची नाळ, दोर आणि डोलकाठीचा खालचा भागही उजळतो. बोट आहे हे समजते. नुसता ठिपका राहत नाही.

खाली लावला तर लांबून दिसणार नाही, ही शंका रास्त आहे, पण हिशेबात टिकत नाही. दोन मीटरवरचा दिवा आणि एक मीटरवरचा डोळा यांच्यात पाण्याची वक्रता आडवी यायला सुमारे पाच सागरी मैल लागतात. आपल्याला दोनच हवे आहेत. खालच्या दिव्याची खरी अडचण दुसरी आहे: तो काठावरच्या दिव्यांत मिसळू शकतो. भीमानगर आणि पुणे महामार्गाच्या बाजूला नांगरलात तर मागे दिव्यांची रांग असते. तिथे प्रकाशाचा रंग उपयोगी पडतो. रस्त्यावरचे दिवे आता बहुतेक निळसर पांढरे झाले आहेत; त्यांच्यासमोर पिवळसर पांढरा दिवा वेगळा उठतो. पिवळसर प्रकाशाला किडेही तुलनेने कमी येतात, आणि उजनीवर ही बाब लहान नाही. सकाळी भिंगावर मेलेल्या चिलटांचा थर बसलेला असतो.

दिवा टांगायचा कुठे? डोलकाठीच्या शेंड्यापासून नाळेकडे उतरणाऱ्या तारेला, फोरस्टेला, डोलकाठीच्या पुढे. नाळेचे शीड चढवायचा दोर वरच्या कडीला बांधून दिवा वर ओढा आणि खालच्या कडीला दुसरा दोर बांधून डेकला ताणून घ्या. खालचा दोर ऐच्छिक नाही. दिवा नुसता लोंबकळत ठेवला तर बोट डोलताना तोही झुलतो, अरुंद झोत वर-खाली होतो आणि लांबून दिवा लुकलुकतो आहे असे दिसते. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थच वेगळा. म्हणून दुकानात टांगता दिवा बघताना खाली कडी आहे का हे पहिल्यांदा बघा. बऱ्याच कॅम्पिंग दिव्यांना ती नसते आणि तेवढ्यावर ते बाद होतात.

डोलकाठीला चिकटून दिवा लावू नये. सात सेंटिमीटर जाडीची डोलकाठी दिव्यापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर मागे तेरा अंशांची सावली पडते. त्या पट्ट्यातून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. अंतर सत्तर सेंटिमीटर केले की सावली सहा अंशांच्या आत येते, आणि दीड मीटरवर तीनही उरत नाही. दिवा डोलकाठीच्या पुढे असला की मागे कॉकपिटमध्ये बसलेल्यांचे डोळेही दिपत नाहीत.

आता एकेक प्रकार.

टांगता एलईडी दिवा. यात दोन जाती आहेत: बोटीच्या बॅटरीवर वायरने चालणारा, आणि आत स्वतःचे सेल असलेला. वायरचा चांगला. उन्हाळ्यात सोलापूरकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, बंद लॉकरमध्ये त्याहून बरेच जास्त होते, आणि लिथियमचे सेल त्या उष्णतेत लवकर म्हातारे होतात. आत सेल असलेला दिवा घेतलाच तर दिवसा तो बोटीत ठेवू नका, घरी घेऊन जा. काही दिव्यांना अंधार पडताच पेटणारा प्रकाशसंवेदक असतो. तुम्ही काठावर जेवायला गेलात आणि परतायला उशीर झाला तरी दिवा वेळेवर लागतो, ही मोठी सोय. पण त्याच्या दोन खोड्या लक्षात ठेवा. दिव्याचा स्वतःचा प्रकाश गुंडाळलेल्या पांढऱ्या शिडावरून परत संवेदकावर पडला तर दिवा विझतो-पेटतो-विझतो असा खेळ सुरू होतो. आणि बोट शेडमध्ये उभी केली की संवेदकाला रात्र वाटते. मुख्य स्विच बंद नसेल तर आठवड्यात बॅटरी संपते. म्हणून संवेदक असलेल्या दिव्यालाही वेगळा स्विच हवाच.

शेंड्यावरचा पक्का दिवा. हेला, अॅक्वा सिग्नल, लोपोलाइट या कंपन्यांचे दोन मैलांचे प्रमाणित दिवे टिकाऊ असतात, आणि बोट समुद्रावर नेणार असाल तर तो असलाच पाहिजे. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून शेंड्यावरचा दिवाच आधी दिसतो. वर तिरंगी (शिडावर चालताना लावायचा लाल-हिरवा-पांढरा) दिवा आणि नांगरदिवा एकाच डब्यात असेल तर स्विच मधे बंद आणि दोन्ही टोकांना एकेक दिवा अशा प्रकारचा घ्या, म्हणजे दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. शिडावर चालताना चहूबाजूंचा पांढरा दिवा लावणे चूक. बघणाऱ्याला बोट नांगरलेली वाटते. इंजिनवर चालताना मात्र बारा मीटरखालच्या बोटीला हाच पांढरा दिवा बाजूच्या लाल-हिरव्या दिव्यांसोबत लावता येतो, ही त्याची जादा कमाई.

या प्रकारात बिघडते ते दिव्यात नव्हे, डोलकाठीच्या पायथ्याशी. ट्रेलरवर नेण्यासाठी डोलकाठी आडवी करावी लागते, म्हणून तिथे वायरला प्लग असतो. प्लग काढताना-घालताना पिना वाकतात, पाणी साचते, रस्त्याच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात. वर चढून दिवा उघडण्याआधी पायथ्याच्या प्लगमध्ये मल्टिमीटर लावून बघा. निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच सापडतो. रस्त्याचे हादरे जुन्या तारेच्या बल्बची तारही तोडतात, एलईडीला ती भीती नाही.

जुन्या डब्यात एलईडी बल्ब. जुना, चांगल्या काचेचा डबा असेल तर फक्त बल्ब बदलायचा मोह होतो. शक्य आहे, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. पहिली उंची: डब्याचे भिंग मूळ बल्बच्या तारेच्या उंचीवर बेतलेले असते. एलईडीचे चिप त्याच उंचीवर आले नाहीत तर झोत आकाशात किंवा पाण्यात जातो. जुना बल्ब शेजारी धरून मोजा. दुसरी ध्रुवता: तारेच्या बल्बला उलटसुलट चालते, एलईडीला नाही. बल्ब लागला नाही म्हणून फेकण्याआधी वायर अदलाबदल करून बघा. तिसरी आणि महत्त्वाची, आतला ड्रायव्हर. मोटारीच्या सामानातल्या स्वस्त बल्बमध्ये फक्त रिझिस्टर असतो. चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टवर जाते तेव्हा तो तापून जळतो, आणि पहाटे बॅटरी उतरली की मंदावतो. पहाटेच तर जाळी उचलायला होड्या निघतात. ‘१० ते ३० व्होल्ट’ असे लिहिलेला, नियंत्रित ड्रायव्हरचा बल्ब घ्या. हलक्या ड्रायव्हरचा एक त्रास म्हणजे रेडिओत खरखर. दिव्याजवळ छोटा एफएम रेडिओ लावून दिवा चालू-बंद केला की लगेच कळते. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा बोलायचा रेडिओ, वापरणाऱ्यांनी ही चाचणी टाळू नये. शिवाय प्रमाणपत्र डबा आणि बल्ब या जोडीला असते; बल्ब बदलला की ते लागू राहत नाही.

कंदील. स्वच्छ काचेचा, वात नीट कापलेला मोठा कंदील दोन मैलांच्या तेजाच्या आसपास पोचू शकतो, आणि त्याच्या भिंग नसलेल्या प्रकाशाला वर-खालच्या कोनाचे बंधन नाही. पण काच दोन तासांत काजळते, रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही, आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी ज्योत ठेवणे बरोबर नाही. वादळी झोतात तो विझतो, म्हणजे ज्या रात्री त्याची गरज जास्त त्याच रात्री दगा देतो.

बागेतला सौर दिवा. हे बहुतेक पाच-दहा ल्युमेनचे असतात, म्हणजे अर्धा-पाऊण कॅन्डेला. एका मैलाच्या ०.९ कॅन्डेलाही भरत नाहीत. आतला छोटा सेल एका उन्हाळ्यात दम तोडतो आणि मध्यरात्रीनंतर दिवा विझतो. कॉकपिटच्या कठड्याला दोन लावून बोटीची मागची बाजू उजळायला ते छान आहेत, आणि डेक उजळवायला नियमाची हरकत नाही. नांगरदिव्याच्या जागी मात्र नाहीत.

बॅटरीचा हिशेब सोलापूरच्या रात्रीवर करावा. डिसेंबरात इथली रात्र जवळजवळ तेरा तासांची. जुना दहा वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर ०.८३ अँपिअर घेतो, तेरा तासांत जवळपास अकरा अँपिअर-तास. यूपीएसमध्ये येणारी सात अँपिअर-तासांची बंद लेड-अॅसिड बॅटरी त्याला अर्धी रात्रही नीट पुरत नाही. दोन वॉटचा एलईडी तेवढ्याच वेळात २.२ अँपिअर-तास घेतो. त्याच सात अँपिअर-तासांच्या बॅटरीतून अर्ध्याच्या आत वापर राहतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते. दहा वॉटचे सौर पॅनेल इथल्या उन्हात दिवसाकाठी साधारण अडीच अँपिअर-तास भरते, म्हणजे रात्रीची तूट जेमतेम भरून निघते. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असते तेव्हा तेवढे पुरत नाही. वीस वॉटचे घ्या किंवा बॅटरी घरी आणून चार्ज करा. नांगरदिव्याची बॅटरी इंजिन सुरू करायच्या बॅटरीपासून वेगळी ठेवली तर दिव्यासाठी सकाळचे स्टार्टर पणाला लागत नाही.

वायरिंग साधे आहे, पण घाई करणाऱ्यांचे इथेच फसते. दोन तारांची, एक चौरस मिलिमीटरची, गोल आवरणाची लवचिक वायर पुरे. एवढ्या कमी प्रवाहाला व्होल्टेज पडण्याची काळजी नाही: दहा मीटर डोलकाठीवर जाऊन-येऊन वीस मीटर एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत दोन वॉटचा एलईडी जेमतेम ०.०६ व्होल्ट गमावतो. जाडी हवी ती ओढाताण सोसायला. कोकणात जाणाऱ्या बोटीला कल्हई केलेली तांब्याची वायर घ्या. खारी हवा आवरणाच्या आत शिरून साधे तांबे काळे पडते. बॅटरीच्या धन टोकापासून हातभराच्या आत दोन अँपिअरचा फ्यूज. वायर डब्यात शिरते त्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलातून टपकते, डब्यात उतरत नाही.

जोड कधीही पिळून काळी टेप गुंडाळून करू नका. सोलापूरच्या मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि पहिल्या पावसात जोड हिरवा पडतो. क्रिंप करा, म्हणजे तारा धातूच्या नळीत घालून पकडीने दाबा, आणि वर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी घाला. टांगत्या दिव्याचा प्लग दुचाकीच्या वायरिंगमध्ये येणारा रबर सीलचा दोन पिनांचा घेतला तरी चालतो. पिनांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

विकत घेताना काय तपासावे? दिव्यावर ‘२ एनएम’ (दोन सागरी मैल) ही खूण आणि पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा, किमान आयपी ६७. हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण कागदावरचा दर्जा इथल्या हवेत पुरत नाही, कारण इथे दिवा आधी तापतो आणि मग भिजतो. म्हणून घरी आणल्यावर ही चाचणी कराच: दिवा दुपारी तासभर पत्र्यावर उन्हात ठेवा आणि तसाच गरम असताना माठातल्या गार पाण्याच्या बादलीत बुडवा. आतली हवा आकसते आणि सील कच्चे असेल तर पाणी आत ओढते. अर्ध्या तासाने काढा, पुसा आणि पेटवून ठेवा. भिंगाच्या आत दव दिसले की परत करा. वळिवाच्या पहिल्या सरीत नेमके हेच घडते, आणि तेव्हा परत करायची मुदत गेलेली असते.

दुसरी चाचणी विजेची. दिवा आधी उतरलेल्या बॅटरीवर, साधारण अकरा व्होल्टवर, आणि मग चार्जर लावून १४.४ व्होल्टवर चालवा. तेजात डोळ्याला फरक दिसता कामा नये. मल्टिमीटर मालिकेत लावून प्रवाह मोजा. दोन वॉटच्या दिव्याने ०.१७ अँपिअरच्या आसपास घ्यावे. तिसरी चाचणी अंधाऱ्या पक्षात: दिवा काठावर अडीच मीटर काठीला बांधा, मोबाइलच्या नकाशावर दोन किलोमीटर अंतर मोजून पाण्यापलीकडून बघा. नुसत्या डोळ्याने, न शोधता दिसला पाहिजे. शहराजवळ हिप्परग्याच्या तलावावरही हे करता येते, फक्त तुळजापूर रस्त्याचे दिवे पाठीमागे येणार नाहीत अशी बाजू निवडा.

सोलापुरात जहाजाच्या सामानाचे वेगळे दुकान धुंडाळण्यात वेळ घालवू नका. वायर, फ्यूज, क्रिंप, बंद बॅटरी, छोटे पॅनेल हे सगळे शहरातल्या ऑटो-इलेक्ट्रिक आणि सोलरच्या दुकानांत मिळते. फक्त प्रमाणित दिवा बाहेरून आणावा लागतो. मुंबईत माझगावजवळच्या दारूखान्यात किंवा ऑनलाइन. दारूखान्यात मोडीत काढलेल्या जहाजांचे दिवे स्वस्तात दिसतात, पितळी आणि देखणे असतात, पण ते बहुतेक २४ व्होल्टचे किंवा त्याहून जास्त व्होल्टेजचे, मोठ्या जहाजाच्या मापाचे आणि जड असतात. तीन किलोचा डबा फोरस्टेला टांगू नका.

वजनाचा मुद्दा वळिवामुळे येतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी उजनीवर वारा काही मिनिटांत उठतो. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. त्या पाण्यावर वावरणाऱ्या कोणालाही हे विसरता येत नाही. असा वारा सुटला की नांगरलेली बोट नाळ वाऱ्यात घेऊन जोरात झटके खाते आणि फोरस्टे थरथरते. दिवा अर्ध्या किलोच्या आतला, दोन्ही कड्या स्टीलच्या, आणि कड्यांना गाठी किंवा स्प्रिंगचे हुक नव्हे, तर स्क्रूने बंद होणारे शॅकल हवेत. स्प्रिंगचा हुक थरथरीत उघडतो. दिवा निसटला तर तो पाण्यात जाण्याआधी वायर ओढून प्लग तोडतो, म्हणून वायर प्लगच्या वर वीतभर अंतरावर दोराला बांधून ठेवा. झटका दोर घेईल.

देखभाल थोडी आहे. उजनीच्या पाण्याचे शिंतोडे वाळले की भिंगावर पांढरे क्षाराचे ठिपके राहतात आणि ते नुसत्या फडक्याने जात नाहीत. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाला लावून पाच मिनिटे ठेवा, मग धुवा. घासायची पावडर वापरू नका; प्लास्टिकच्या भिंगावर ओरखडे पडले की प्रकाश विखुरतो आणि तेज घटते. कोळी भिंगाखालच्या कोपऱ्यात जाळे करतात, तेही काढत जा. उन्हाने भिंग पिवळे पडू लागले की दिवा बदला. दिवसा त्यावर सुती पिशवी घालून ठेवली तर भिंग जास्त काळ टिकते. मात्र संवेदक असलेल्या दिव्याला पिशवी घालण्याआधी स्विच बंद करा.